‘गाव’, ‘मौजे’ आणि ‘पाडा’ : वैशाखरे परिसरातील ग्रामजीवनाची परिभाषा

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर टोकावडे मागे पडले की वैशाखरे लागते. येथून पुढे नाणेघाटाची पायवाट फुटते आणि ती सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघरपाशी, जुन्नरच्या बाजूस निघते. रस्त्याने जाणाऱ्याला एस. टी. च्या थांब्यावरील पाटी दिसते आणि आपण एका गावातून चाललो आहोत, एवढे त्यास पुरेसे वाटते. परंतु मुरबाड आणि शहापूर या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात ‘गाव’ हा शब्द इतका सरळ नाही. रस्त्याकडेची वस्ती म्हणजे गाव, की पाठीमागे टेकडीच्या उतारावर आणि ओढ्यापलीकडे विखुरलेले पाडे धरून गाव, की तलाठ्याच्या दप्तरात ज्याच्या चतुःसीमा लिहिलेल्या आहेत ते गाव? या तिन्ही अर्थांनी शब्द वापरला जातो, आणि बहुधा बोलणाराच्या मनात त्यांपैकी एकच अर्थ असतो. तेथील सामाजिक व्यवहार, सणवार, सभा आणि पाण्याचा टँकर यांपैकी बऱ्याच गोष्टींचा उलगडा या अर्थभेदातून होतो. म्हणून प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट ठरेल.

‘गाव’ हा शब्द संस्कृत ‘ग्राम’, प्राकृत ‘गाम’ या क्रमाने आला, हे सर्वश्रुत आहे. मात्र ‘ग्राम’ या शब्दाचा मूळ अर्थ वस्तीचे स्थान असा होता, असे मात्र दिसत नाही. विल्हेल्म राउ या जर्मन पंडिताने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ब्राह्मणग्रंथांतील उल्लेख तपासून असे दाखविले की, ‘ग्राम’ म्हणजे गुरेढोरे व गाडे घेऊन एकत्र हिंडणारा जनसमूह असा अर्थ तेथे अनेक ठिकाणी अभिप्रेत आहे. ‘संग्राम’ या शब्दात हाच अर्थ शिल्लक आहे : दोन ग्राम एकत्र आले, म्हणजे समोरासमोर ठाकले, की संग्राम होई. समूह एके ठिकाणी स्थिरावला तेव्हा समूहाचे नाव जागेला मिळाले. पुढे जागा हीच देण्याघेण्याची वस्तू झाली. वैशाखऱ्याच्या डोक्यावर असलेल्या नाणेघाटातील लेण्यात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील मानला जाणारा, सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्स यांनी तो पाहिला व विद्वानांच्या नजरेस आणला. त्यात यज्ञांच्या दक्षिणेची जी लांब यादी आहे तीत गाई, घोडे, हत्ती व कार्षापणे यांच्या जोडीला गावही येतो. ज्या घाटवाटेखाली आज वैशाखरे वसले आहे, त्याच वाटेवर ‘गाव’ ही दान देता येण्याजोगी मालमत्ता म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली आहे.

तथापि मालमत्तेचा अर्थ आल्याने समूहाचा अर्थ गेला, असे झाले नाही. मराठीत दोन्ही अर्थ नांदत आहेत, आणि विशेष म्हणजे त्यांची खूण व्याकरणात सापडते. ‘गाव’ हा शब्द पुल्लिंगी व नपुंसकलिंगी अशा दोन्ही लिंगांत चालतो, असे मोल्सवर्थच्या कोशापासून सर्व कोश सांगतात. कोशकार या दोहोंना केवळ पर्याय मानतात. प्रत्यक्ष प्रयोग पाहिले तर एक कल स्पष्ट दिसतो. ‘सारा गाव लोटला’, ‘गाव जेवला’, ‘गाव उलटला’ येथे पुल्लिंग येते, कारण कर्ता माणसे आहेत. ‘ते गाव घाटाखाली आहे’, ‘गाव धरणात गेले’ येथे नपुंसकलिंग येते, कारण मनात भूमी आहे. ‘सारे गाव लोटले’ असेही कोणी म्हणतात, आणि ‘आमचा गाव लांब आहे’ हेही ऐकू येते. म्हणून यास नियम म्हणता येणार नाही. पण कल आहे. ना. गो. चापेकर यांनी १९३३ मध्ये आपल्या बदलापूरचा, म्हणजे मुरबाडच्या शेजारच्याच मुलखातील एका गावाचा, जो विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला, त्याच्या नावातही ‘आमचा गाव’ असे पुल्लिंगच आहे. गावाविषयी आपलेपणाने बोलणाऱ्याच्या तोंडी हेच रूप यावे, हा योगायोग वाटत नाही.

सामासिक आणि साधित शब्दांतही हीच फूट आहे. गावकी, गावकरी, गावजेवण या शब्दांत गाव म्हणजे माणसे. गावठाण, गावशीव, गावकूस या शब्दांत गाव म्हणजे जागा. ‘गावकी’ हा शब्द ‘भावकी’च्या जोडीचा आहे, भावकीत रक्ताचे नाते धरलेले असते, गावकीत एकत्र राहण्याचे. गोव्यात ‘गावकारी’ या संस्थेने हे दोन्ही अर्थ एकत्र आणले : गावकारांच्या समूहाकडेच जमिनीची सामाईक मालकी, आणि पोर्तुगिजांनी १५२६ च्या फोरालमध्ये तिला लेखी मान्यता दिली. ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात तसे कधी झाले नाही. येथे माणसांचा गाव आणि जमिनीचे गाव एकमेकांपासून वेगळे राहिले.

जमिनीच्या गावाला दप्तरात निराळे नाव आहे, ते म्हणजे ‘मौजे’. अरबी ‘मौजा’ म्हणजे ठेवण्याची जागा, स्थान. फार्सी दप्तरातून हा शब्द मराठीत आला, आणि आजही सातबारावर, नोटिशीवर आणि खरेदीखतावर ‘मौजे अमुक, तालुका अमुक’ असाच आरंभ असतो. बोलण्यात मात्र ‘आमच्या मौज्यात लग्न आहे’ असे कोणी म्हणत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या व्याख्येप्रमाणे गावामध्ये त्या गावाची सर्व जमीन समाविष्ट होते. माणसांचा उल्लेख या व्याख्येस आवश्यक वाटलेला नाही. याचा तर्कशुद्ध परिणाम जनगणनेत पाहावयास मिळतो. २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ६ लाख ४० हजार गावांपैकी ४० हजारांहून अधिक गावे निर्जन आहेत. ज्यात एकही माणूस राहत नाही असे मौजे हे गाव म्हणून मोजले जाते. उलटपक्षी शेकडो माणसे ज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत असा पाडा गाव म्हणून मोजला जात नाही, कारण त्याचे स्वतंत्र सर्वेक्षण नाही, त्याची शीव कोठे काढलेली नाही.

‘पाडा’ हा शब्दही जुना आहे. संस्कृत कोशांत ‘पाटक’ म्हणजे गावाचा अर्धा भाग असा अर्थ दिलेला आढळतो. बंगालीत ‘पाडा’ म्हणजे शहरातला मोहल्लाही होतो. कलकत्त्यात पाड्याची दुर्गापूजा असते. ठाणे व पालघर जिल्ह्यांत त्याचा अर्थ आकुंचित आणि त्याच वेळी ठळक झाला : मूळ वस्तीपासून शेत, टेकडी किंवा ओढा यांनी अलग पडलेली, बहुधा एकाच जमातीच्या कुटुंबांची वस्ती. ‘वाडी’ (संस्कृत ‘वाटिका’) हा शब्द याच अर्थाने चालतो; या भागात ठाकूरवाडी, कातकरीवाडी अशी नावे पावलोपावली आढळतात. ही नावे वस्तीबाहेरच्यांनी दिलेली आहेत, हे उघड आहे. जेथे सगळेच कातकरी राहतात तेथे राहणाराला आपल्या वस्तीस कातकरीवाडी म्हणण्याचे प्रयोजन काय? शिवाय अशी वाडी अनेक मौज्यांत असल्याने ती ओळखण्यास मौज्याचे नाव जोडावेच लागते, आणि म्हणून कागदावर ती सदैव दुसऱ्या कोणाची तरी वाडी राहते.

येथे आपल्या ग्रामविषयक ग्रंथसंपदेतील एक पूर्वग्रह नोंदविला पाहिजे. त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) हा त्या विषयाचा आद्य ग्रंथ. परंतु त्यातील गाव देशावरचा आहे : पांढरी आणि काळी, गावकूस, वेस, चावडी, पाटील-कुलकर्णी व बलुतेदार. एकवट वसलेल्या या गावाचे चित्र मराठी माणसाच्या मनात इतके ठसले की, पुढील अभ्यासकांनी व राज्यकर्त्यांनीही तोच नमुना सर्वत्र गृहीत धरला. सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी हा नमुना लागू पडत नाही. येथे कुणबी, महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वस्त्या भातखाचरांच्या व वरकस जमिनीच्या सोयीने विखुरलेल्या असतात. ल. ना. चापेकर यांनी सह्याद्रीतील ठाकरांवर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला (१९६०), त्याने या जीवनाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पण गावाची पाठ्यपुस्तकी कल्पना बदलली नाही.

इंग्लंडातील खेड्याशी तुलना केली असता हा भेद अधिक स्पष्ट होतो. तेथे ‘पॅरिश’ ही मुळात एका चर्चची हद्द. १५३८ पासून बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद तिच्या वहीत होऊ लागली. नोटिसा चर्चच्या दारावर लागत. आणि १८९४ च्या कायद्याने ग्रामीण इंग्लंडात पॅरिश कौन्सिले निर्माण झाली तेव्हा बऱ्याच ठिकाणी देवळाची हद्द, नोंदवहीची हद्द व सभेची हद्द एकच होती. मेलेला माणूस ज्या वहीत नोंदला गेला, त्याच हद्दीत त्याचा मुलगा मत देई. मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात देवाची, श्रमाची व सभेची वर्तुळे अशी एकमेकांवर बसत नाहीत. ती वेगवेगळी पाहावी लागतात.

सर्वांत लहान वर्तुळ श्रमाचे. भाताचे राब भाजावयाचे, पहिल्या पावसाबरोबर पेरावयाचे, आणि रोप तयार झाले की आवणी उरकावयाची. आवणीला दिवस थोडे आणि हात पुष्कळ लागतात. ही गरज ‘सावड’ भागविते. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. मजुरीचा हिशेब पैशाने नाही, दिवसांनी. सावडीची मर्यादा पाडा ही असते, कारण ज्याच्या घरी सकाळी हाक पोहोचते त्याच्याशीच सावड जमते. मरणाचा ‘सांगावा’ मात्र पाड्याच्या बाहेर, सोयरीक जेथपर्यंत गेली तेथपर्यंत जातो. आता तो मोबाईलवर जातो, पण शब्द ‘सांगावा’ हाच राहिला आहे.

देवाचे वर्तुळ याहून मोठे. गावदेवी ही सबंध गावाची. तिच्या पूजेला पाडे येतात, वर्गणी देतात, आणि मानपानाच्या क्रमाने आपापल्या जागी उभे राहतात. अश्विन वद्य द्वादशीची वाघबारस ही गुराख्यांची. गुरांचे रक्षण व्हावे म्हणून वाघोबाला नैवेद्य दाखवितात. जेथपर्यंत आपली गुरे चरतात तेथपर्यंत आपला वाघोबा. चराईची ही शीव सर्वेक्षणाच्या दगडांशी जुळतेच असे नाही. त्याहून मोठे वर्तुळ जत्रेचे. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष महिन्यात म्हसोबाची यात्रा भरते. गुरांचा बाजार आणि घोंगड्या यांसाठी ती प्रसिद्ध आहे. तेथे वैशाखऱ्याचा माणूस ‘मी वैशाखऱ्याचा’ एवढेच सांगतो, पाड्याचे नाव काढीत नाही. परक्या ठिकाणी मौज्याचे नाव, मौज्यात पाड्याचे नाव, पाड्यात कुळाचे नाव असा हा क्रम आहे.

गावकीचे हे चित्र फार सुरेख करून घेण्याचे मात्र कारण नाही. माणसांचा गाव माणसाला बाहेरही टाकतो. ‘वाळीत टाकणे’ हा वाक्प्रचार गावकीचाच आहे, आणि कोकणपट्टीत त्याचा वापर इतका चालू राहिला की, महाराष्ट्रास सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण सहकार्याची म्हणून शाळेत शिकविली जाते, पण वाळीत पडलेल्या घराला तिचा दुसरा अर्थ ठाऊक असतो. ‘गाव तेथे महारवाडा’ या म्हणीत तर गाव आणि वाडा ही दोन वेगळी पदेच आहेत. वाडा गावाजवळ आहे, गावात नाही. कातकरीवाडीची स्थिती व्याकरणदृष्ट्या तीच. मौज्यात तिची गणना होते, गावकीत तिला आवाज असतोच असे नाही, आणि गावठाणात ती पुष्कळदा नसते. घरे दुसऱ्याच्या नावे असलेल्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर उभी असतात.

आता सभेचे वर्तुळ पाहू. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (सध्याचे नाव महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) याने ग्रामसभा ही कायदेशीर संस्था केली. पूर्वीचे पाटीलकी-वतनाचे ग्रामप्रशासन याच सुमारास मोडले : कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने, महसुली पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने; पुढे १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे पद नव्याने घडविले. दवंडी मात्र राहिली. ‘ऐका हो ऐका’ असे म्हणत फिरणारा माणूस आता वतनदार नसतो, तो कोतवाल किंवा पंचायतीचा शिपाई असतो, आणि त्याच्या ढोलाचा आवाज जेथपर्यंत जातो तेथपर्यंतच ‘गावाला कळविले’ असे म्हणता येते. ओढ्यापलीकडच्या पाड्याला दवंडी ऐकू जात नाही; तेथे कोणी जाऊन सांगितले तर सांगितले. सूचनाफलकावर लावलेली नोटीस त्याहून मूक.

याहूनही मोठी अडचण पंचांगाची आहे. ग्रामसभा प्रथेप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. भात झोडून झाले आणि दिवाळी सरली की कातकरी व अन्य भूमिहीन कुटुंबे वीटभट्टीवर जातात. भट्टीमालकाची उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत भिवंडी, कल्याण, पनवेल या बाजूंस बिऱ्हाड हलते आणि पावसाच्या तोंडावर परतते. म्हणजे जानेवारीच्या व मेच्या सभेला वाडी रिकामी, आणि ऑगस्टच्या सभेला खाचरात कामे. चारांपैकी गांधीजयंतीची एकच सभा खऱ्या अर्थाने त्यांच्या वाट्याला येते. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसते. अशा सभेच्या इतिवृत्तातही ‘गावाने ठरविले’ असेच लिहिले जाते. हे वाक्य कायद्याने खरे असते. त्यातील ‘गाव’ या शब्दाचा वाच्यार्थ मौजे, लक्ष्यार्थ उपस्थित मंडळी. आणि वाडीपुरते बोलायचे तर दोन्हींत ती नाही.

उन्हाळ्यात हा प्रश्न पाण्यावर येऊन ठेपतो. सह्याद्रीच्या या बाजूस पाऊस प्रचंड, पण उतारावरून तो वाहून जातो. होळीनंतर विहिरी तळ गाठतात. शहापूर तालुक्यात १८९२ मध्ये पूर्ण झालेला तानसा तलाव आणि त्यानंतरचे भातसा धरण मुंबईची तहान भागवितात, आणि त्याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. या टँकरच्या सरकारी तक्त्यात एक भाषिक वैशिष्ट्य आहे. राज्यात इतरत्र ‘गावे’ व ‘वाड्या’ अशी दोन घरे असतात, येथे ‘गावे’ व ‘पाडे’. अर्थात् टंचाईच्या काळात शासन पाड्याला स्वतंत्रपणे ओळखते! जे जनगणनेत वेगळे नाही, ज्यास सातबाराचे दप्तर नाही, ते टँकरच्या खेपेपुरते एकक होते आणि पावसाळा लागला की पुन्हा मौज्यात विरघळते. पाडा ही व्यवहारातील खरी वस्तू आहे याचा याहून निःसंदिग्ध पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही. शासनाच्याच लेखणीने तो दिलेला आहे.

कायद्यानेही तो एकदा दिला. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) अनुच्छेद २४३ मध्ये गावाची जी व्याख्या केली, ती म्हणजे राज्यपालांनी अधिसूचनेने विनिर्दिष्ट केलेले गाव. चार वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, अनुसूचित क्षेत्रांसाठी जो पेसा कायदा झाला त्याच्या कलम ४ मध्ये व्याख्या उलटली : परंपरा व रूढी यांनुसार आपला कारभार करणाऱ्या जनसमूहाची वस्ती किंवा वस्त्यांचा गट, पाडा किंवा पाड्यांचा गट, म्हणजे गाव. वैदिक ‘ग्राम’ शब्दाचा समूहवाचक अर्थ इतक्या स्पष्टपणे आधुनिक कायद्यात अन्यत्र आलेला नाही. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये नियम केले. त्यांनुसार पाड्यातील मतदारांना आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित करावा असा ठराव करून तो महसूल अधिकाऱ्यांकडे पाठविता येतो. तसे झाले की त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा होते, आणि दवंडी, पंचांग व गणपूर्ती यांचे वर्तुळ सावडीच्या वर्तुळाशी जुळविणे निदान शक्य होते.

ही सोय सर्वत्र नाही. शहापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाड तालुक्यातील काहीच गावे येतात. यादी करताना एकक धरले ते मौजे. त्यामुळे एका ओढ्याच्या दोन काठांवरील, एकच बोली बोलणारे, परस्परांत सोयरीक करणारे दोन पाडे वेगवेगळ्या मौज्यांत पडले, तर एकाला स्वतःस गाव म्हणवून घेण्याचा ठराव करता येतो आणि दुसऱ्याला येत नाही. पाड्याला गाव मानणाऱ्या कायद्याच्या प्रदेशाची सीमा मौज्यांनी आखली गेली आहे. वाघबारशीला नैवेद्य घेऊन निघालेले गुराखी ही सीमा ओलांडून जातात; ग्रामसभेची नोटीस तिच्यापाशी थांबते.